इंजिन उतरले, मग गिअरबॉक्सचे काय?
विजेवर चालवायच्या जुन्या गाडीसाठी मोटर आणि गिअर यांचा मेळ कसा घालावा

जुन्या गाडीचे पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी विजेची मोटर बसवण्याचा विचार मनात आला, की माणूस सर्वप्रथम दोन गोष्टींची चौकशी करतो. मोटर किती किलोवॉटची घ्यावी आणि एकदा बॅटरी भरल्यावर गाडी किती किलोमीटर जाईल? तिसरा प्रश्न बहुधा उशिरा सुचतो. तोपर्यंत मोटरचे पैसे देऊन झालेले असतात. मोटर आणि चाके यांच्यामध्ये काय असावे, हा तो प्रश्न. मूळ गिअरबॉक्स तसाच ठेवावा, की ‘विजेच्या गाडीला गिअर लागत नाहीत’ या समजुतीने तो भंगारात काढावा?

सपाट रस्त्यावर या प्रश्नाचे चुकीचे उत्तरही निभावून जाते. चूक उघडी पडते ती घाटात. गाडीत चार माणसे असतात, मागे ट्रकची रांग असते आणि अर्ध्या चढावर मोटर तापून गाडीचा जोर ओसरू लागतो. अशा वेळी दोष बॅटरीला किंवा मोटरच्या दर्जाला दिला जातो. प्रत्यक्षात तो अनेकदा गिअरच्या निवडीत असतो.

इंजिनाला गिअर का लागतात?

पेट्रोल इंजिन शून्यापासून काम करू शकत नाही. मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांच्या खाली ते बंद पडते आणि त्याचा खरा जोर फेऱ्यांच्या एका मर्यादित पट्ट्यातच मिळतो. चाक फिरवणाऱ्या या जोराला अभियंते टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ साली उत्पादन थांबलेल्या मारुती ८०० चे उदाहरण घेता येईल. तिच्या ७९६ सीसी इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे ५९ न्यूटन-मीटर होता. एवढ्या जोरावर भरलेली गाडी चढावर हलणे अशक्य. पहिला गिअर हाच जोर चाकापर्यंत पोहोचेतो सुमारे पंधरा पट करतो. त्या बदल्यात चाकाचा वेग तितक्याच पटीने कमी होतो. गिअर नवी शक्ती निर्माण करत नाही. वेग देऊन जोर घेणे किंवा जोर देऊन वेग घेणे, एवढाच त्याचा व्यवहार असतो.

विजेच्या मोटरचा स्वभाव वेगळा आहे. ती स्थिर असतानाच पूर्ण टॉर्क देते. ठरावीक फेऱ्यांपर्यंत तो टॉर्क टिकतो आणि त्यापुढे उतरत जातो. साहजिकच तिला इंजिनासारखे चार-पाच गिअर लागत नाहीत. तथापि याचा अर्थ तिला गिअरच लागत नाही, असा नव्हे. कारखान्यात तयार झालेल्या विजेच्या गाड्यांत बहुधा एक कायमचा गिअर असतोच. निस्सान लीफमध्ये मोटरचे जवळपास आठ फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो. टेस्लाच्या मॉडेल एसच्या मोठ्या मोटरसाठी हेच प्रमाण ९.७३ आहे. या मोटरी मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेऊ शकतात. म्हणूनच एकच गिअर त्यांना चढावर जोर देतो आणि महामार्गावर वेगही देतो.

हे जमवणे कारखान्यांनाही सोपे गेलेले नाही. टेस्लाच्या पहिल्या रोडस्टरसाठी दोन वेगांचा गिअरबॉक्स ठरला होता. तो अपेक्षेइतका टिकाऊ ठरेना. अखेर २००८ मध्ये सुरुवातीच्या गाड्या दुसऱ्या गिअरमध्येच कायम करून ग्राहकांना देण्यात आल्या. पुढे कंपनीने मोटरला अधिक विद्युतप्रवाह पुरवणारी व्यवस्था केली आणि एकाच वेगाचा गिअरबॉक्स स्वीकारला. याउलट पोर्शने २०१९ मध्ये आणलेल्या टायकानच्या मागील आसासाठी दोन वेगांचा गिअरबॉक्स निवडला. थोडक्यात, गिअर एक असावा की दोन, हे मोटरची क्षमता आणि गाडीकडून असलेली अपेक्षा यांवर ठरते.

हिशेब चाकापासून सुरू करावा

घरच्या घरी किंवा छोट्या कार्यशाळेत गाडी बदलणाऱ्याला कारखान्याइतकी मोकळीक नसते. हाती येईल ती मोटर आणि समोर असेल ती गाडी यांचा त्याला मेळ घालावा लागतो. म्हणून हिशेब मोटरपासून न करता चाकापासून उलटा करावा. त्यासाठी दोन प्रश्न पुरेसे आहेत. गाडीला सर्वांत कठीण चढावर किती जोर लागेल आणि सपाट रस्त्यावर तिचा कमाल वेग किती हवा?

मारुती ८०० सारखी छोटी गाडी घेऊ. बॅटरी आणि माणसे धरून तिचे वजन १००० किलो आहे, असे समजू. बारा इंची चाकावरील १४५/७० मापाच्या टायरचा घेर सुमारे १.६ मीटर, तर त्रिज्या सुमारे २५ सेंटिमीटर भरते. इमारतीच्या तळघरातील वाहनतळाचा तीव्र उतार डोळ्यांसमोर आणावा: पाच मीटर अंतरात एक मीटर चढ. असा चढ चढण्यासाठी टायरच्या घर्षणासह सुमारे २०७० न्यूटन बल लागते. म्हणजे चाकांवर सुमारे ५२० न्यूटन-मीटर टॉर्क हवा. गिअरच्या दातांत आणि बेअरिंगमध्ये दहा टक्के वाया जातात असे धरले, तर हिशेबाला ५७५ हा आकडा घ्यावा लागतो.

आता समजा हाती असलेल्या मोटरचा कमाल टॉर्क ८० न्यूटन-मीटर आहे. ५७५ ला ८० ने भागले की ७.२ येतात. याचा अर्थ, मोटरचे किमान ७.२ फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा व्हायला हवा. प्रमाण याहून कमी असेल, तर गाडी त्या चढावर अडेल.

दुसरी बाजू वेगाची. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना १.६ मीटर घेराचे चाक मिनिटाला सुमारे ८३३ फेरे घेते. मोटरची मर्यादा मिनिटाला ५००० फेऱ्यांची असेल, तर ५००० ला ८३३ ने भागून ६ हे उत्तर मिळते. प्रमाण सहाहून अधिक ठेवले, तर ८० चा वेग गाठण्यापूर्वीच मोटर आपल्या मर्यादेला पोहोचेल.

चढ म्हणतो किमान ७.२, वेग म्हणतो कमाल ६. या दोन्ही अटी पाळणारा एक गिअर असूच शकत नाही. मोटर ७००० फेऱ्यांची असती, तर वेगाची मर्यादा ८.४ वर गेली असती आणि ७.२ ते ८.४ यांच्यामधील कोणताही एक गिअर चालला असता. किंवा फेरे तेवढेच राहून टॉर्क ११० न्यूटन-मीटर असता, तर चढाची अट ५.२ वर उतरली असती आणि तेव्हाही एका गिअरवर भागले असते. हातातील मोटरला मात्र एकाहून अधिक गिअर हवेत. हे उत्तर कागदावर पाच मिनिटांत मिळते. तेच उत्तर रस्त्यावर मिळवायचे झाल्यास मोटर जळण्याची पाळी येते.

दुसरा आणि तिसरा गिअर पुरेसा

मारुती ८०० च्या चार वेगांच्या गिअरबॉक्समध्ये अंतिम गिअर धरून पहिल्याचे प्रमाण सुमारे १५.६, दुसऱ्याचे ९.४, तिसऱ्याचे ५.८ आणि चौथ्याचे ३.९ इतके आहे. वरील हिशेब यावर लावून पाहावा. दुसऱ्या गिअरचे ९.४ हे प्रमाण चढासाठी लागणाऱ्या ७.२ हून बरेच अधिक आहे. त्या गिअरमध्ये गाडी ताशी ५० किलोमीटरपर्यंत सहज जाते, म्हणजे शहरातील बहुतेक प्रवास त्यातच होतो. तिसऱ्याचे ५.८ हे प्रमाण वेगाच्या मर्यादेत बसते आणि ताशी ८० चा वेग गाठता येतो. पहिला गिअर जवळजवळ लागत नाही. चौथा तर छोट्या मोटरसाठी बहुधा गैरसोयीचाच ठरतो, कारण त्यात फेरे कमी होऊन मोटरला अधिक प्रवाह ओढावा लागतो.

अमेरिकेतील हौशी मंडळी अनेक वर्षे याच मार्गाने गेली आहेत. तेथे इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशन ही संस्था १९६७ पासून अशा प्रयोगशील मंडळींना एकत्र आणत आली आहे. फोक्सवॅगन बीटलसारख्या हलक्या गाड्या आणि छोटे पिकअप ट्रक यांत डीसी मोटर बसवताना मूळ गिअरबॉक्स ठेवण्याचाच प्रघात पडला. त्यामागे आणखी एक व्यवहार्य कारण आहे. पुढील चाकांनी चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतात. वळणावर आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा म्हणजे डिफरन्शियल. गिअरबॉक्स फेकला की तेही जाते. मग ते वेगळे मिळवून, बसवून, त्याला दोन्ही बाजूंचे शाफ्ट जोडण्याचे मोठे काम अंगावर येते.

घाटात मोटर का तापते?

मोटर विकताना तिचा कमाल टॉर्क ठळक सांगितला जातो. तो बहुधा काही सेकंदांचा किंवा एखाद-दोन मिनिटांचा असतो. सलग किती टॉर्क देता येईल, हा आकडा त्याहून बराच कमी असतो. घाट चढताना उपयोगी पडतो तो हा दुसरा आकडा.

वरचीच गाडी बारा मीटरला एक मीटर अशा लांबलचक चढावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जात आहे, असे समजू. चाकांना सुमारे २५० न्यूटन-मीटर टॉर्क लागेल. गिअरमधील घट धरून तो २८० होईल. तिसऱ्या गिअरमध्ये मोटरला सुमारे ४८ न्यूटन-मीटर टॉर्क द्यावा लागतो आणि ती मिनिटाला २४०० फेरे घेते. दुसऱ्यामध्ये टॉर्क ३० वर उतरतो आणि फेरे ३९०० होतात. दोन्ही वेळा मोटर देते ती शक्ती सारखीच, सुमारे १२ किलोवॉट. उष्णता मात्र सारखी नसते.

कायम चुंबकाच्या मोटरमध्ये टॉर्क ढोबळमानाने विद्युतप्रवाहाच्या प्रमाणात असतो आणि तांब्याच्या गुंडाळीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४८ हा आकडा ३० च्या १.६ पट आहे. त्याचा वर्ग अडीच पटींहून थोडा अधिक भरतो. म्हणजे तोच घाट, तोच वेग, तीच माणसे. केवळ गिअर वरचा ठेवल्याने गुंडाळी अडीच पट तापते. शिवाय मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असेल, तर फेरे कमी असताना वाराही कमी मिळतो. मोटरची सलग क्षमता ३५ न्यूटन-मीटर असेल, तर दुसऱ्या गिअरमध्ये ती घाट चढेल आणि तिसऱ्यामध्ये वाटेत थकेल. नियंत्रक व्यवस्थित असेल, तर तो प्रवाह कमी करून मोटर वाचवतो आणि गाडी रेंगाळते. तशी व्यवस्था नसेल, तर गुंडाळीवरील आवरण जळते किंवा चुंबकांची शक्ती कमी होते.

उतारावरही गिअरचा विचार करावा लागतो. ज्या मोटरी ब्रेक लावताना वीज परत बॅटरीत पाठवू शकतात, त्या खालच्या गिअरमध्ये अधिक परिणामकारक रीतीने गाडी रोखतात. परंतु घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर ही वीज साठवायला जागा नसते आणि सर्व भार पायाच्या ब्रेकवर येतो. डीसी सिरीज मोटर बसवलेल्या बहुतेक गाड्यांत ही सोयच नसते. इंजिनाबरोबर इंजिनाचा ‘ब्रेक’ही गेलेला असतो, हे अशा वेळी ध्यानात ठेवावे. ज्या गाडीत ब्रेकला इंजिनाच्या निर्वात दाबाची मदत मिळत होती, तिला त्यासाठी वेगळा विजेचा पंप बसवावा लागतो.

गिअरबॉक्स नकोच असेल तर

गिअरबॉक्स काढण्याचे फायदे नाकारता येत नाहीत. वजन वाचते, घर्षण कमी होते, गिअर बदलण्याचा त्रास संपतो. त्यासाठी साधारण तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मागील चाकांनी चालणाऱ्या गाड्यांचा. प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडरसारख्या गाड्यांत मोटर थेट लांब प्रॉपेलर शाफ्टला जोडता येते आणि मागील आसातील डिफरन्शियल हाच एकमेव गिअर उरतो. तथापि अशा आसांचे प्रमाण सर्वसाधारणपणे चारच्या आसपास असते. वरील हिशेबातील ७.२ शी त्याची तुलना केली, की मोटर जवळजवळ दुप्पट ताकदीची हवी हे कळते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील जॉन वेलँड यांची ‘व्हाइट झॉम्बी’ ही १९७२ सालची डॅटसन १२०० याच पद्धतीने गिअरबॉक्सशिवाय धावली आणि तिने पाव मैलाचे अंतर अकरा सेकंदांच्या आत कापून नाव मिळवले. पण त्यामागे एकाच शाफ्टवरील दोन मोटरी आणि त्यांना मिळणारा प्रचंड विद्युतप्रवाह होता. शर्यतीत तो काही सेकंदांपुरता लागतो. घाटात अर्धा तास लागतो.

दुसरा मार्ग अपघातग्रस्त विजेच्या गाडीतून मोटर, गिअर आणि डिफरन्शियल असा संपूर्ण संच काढून घेण्याचा. परदेशांतील हौशी कार्यशाळांत अलीकडे याला मोठी पसंती आहे. पहिल्या लीफची ८० किलोवॉटची मोटर २८० न्यूटन-मीटर टॉर्क देते. तिच्या सुमारे आठ पट गिअरसह छोट्या गाडीला हा जोर पुरून उरतो. येथे अडचण गिअरची नसून नियंत्रकाची आणि बॅटरीची असते. ३५० व्होल्टच्या आसपासची बॅटरी हाताळणे हे जिवाशी खेळ ठरू शकते. नवे शाफ्ट बनवावे लागतात, ते वेगळेच.

तिसरा मार्ग मोटर आणि डिफरन्शियल यांच्यामध्ये एक स्वतंत्र घट-गिअर बसवण्याचा. दोन्ही अटींमध्ये बसणारे प्रमाण मिळत असेल, तर हा स्वच्छ उपाय आहे. चाकाच्या आतच बसणाऱ्या मोटरीही मिळतात. परंतु त्यांत गिअर नसल्यास लागणारा सगळा टॉर्क मोटरलाच द्यावा लागतो आणि खड्ड्यांचे धक्के तिला थेट बसतात.

जोडणीत होणाऱ्या चुका

गिअरबॉक्स ठेवला, तर मोटर त्याला जोडण्यासाठी धातूची जाड अडॅप्टर प्लेट आणि दोन शाफ्ट जोडणारे कपलिंग बनवावे लागते. मोटर आणि गिअरबॉक्स यांचे शाफ्ट मिलिमीटरच्या काही शतांश भागांपर्यंत एका रेषेत हवेत. मूळ फ्लायव्हील गिअरबॉक्सपासून जेवढ्या अंतरावर होते, तेवढेच अंतर नव्या जोडणीतही राखावे लागते. यात चूक झाली, तर आधी आवाज येतो, मग बेअरिंग जाते आणि शेवटी शाफ्ट तुटतो. हे काम अनुभवी लेथ कारागिराकडूनच करून घ्यावे.

क्लच ठेवावा की काढावा, हे मोटरच्या प्रकारावर ठरते. एसी किंवा कायम चुंबकाच्या मोटरबरोबर क्लच नसला तरी चालते. ॲक्सिलरेटर सोडून, क्षणभर थांबून सावकाश गिअर बदलता येतो. जुन्या फोर्कलिफ्टमधून निघालेल्या डीसी सिरीज मोटरबाबत मात्र विशेष सावध राहावे लागते. भार नसताना तिला वीज मिळाली, तर तिचे फेरे बेसुमार वाढून ती अक्षरशः फुटू शकते. क्लच दाबलेला असताना किंवा गाडी न्यूट्रलमध्ये असताना चुकून ॲक्सिलरेटर दाबला गेला, तर हेच घडते. म्हणून फेऱ्यांवर मर्यादा घालणारा संवेदक तिच्यासाठी आवश्यकच आहे.

मूळ गिअरबॉक्स किती जोर सहन करेल, हेही पाहावे. ५९ न्यूटन-मीटरच्या इंजिनासाठी बनवलेल्या पेटीत ८० न्यूटन-मीटरची मोटर पहिल्या गिअरमध्ये पूर्ण जोराने सोडली, तर दातांवर रचनेपेक्षा अधिक ताण येतो. नियंत्रकात प्रवाहाची मर्यादा ठरवणे आणि पहिला गिअर टाळणे, हा त्यावरील साधा उपाय होय.

एक सवय तर पूर्ण मोडावी लागते. उतारावर गाडी उभी करताना ती गिअरमध्ये ठेवण्याची अनेकांना सवय असते. इंजिनातील दाब चाकांना अडवून धरतो. विजेची मोटर तसे करत नाही. बंद मोटर सहज फिरते आणि गिअरमध्ये असूनही गाडी घरंगळते. हँडब्रेक निर्दोष असणे, हाच येथे खरा आधार.

कायद्याची चौकट

भारतात असा प्रयोग खासगी आवारात करणे आणि ती गाडी रस्त्यावर आणणे, यांत मोठे अंतर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात मनाजोगते बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका घेतली. विजेच्या रूपांतराला मात्र २०१६ च्या नियमदुरुस्तीने वाट करून दिली आहे. त्यासाठी रूपांतराचा संच पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या अधिकृत चाचणी संस्थेकडून एआयएस १२३ या मानकानुसार मंजूर झालेला असावा लागतो. तो अधिकृत व्यक्तीने बसवून त्याची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. मंजुरीविना रस्त्यावर आणलेल्या गाडीला अपघातानंतर विम्याचे संरक्षण मिळणेही कठीण होते. मंजूर संच घेणाऱ्याच्या हाती गिअरची निवड फारशी उरत नाही. तथापि विक्रेत्याला चार प्रश्न विचारणे त्याच्या हाती नक्कीच असते. मोटरचा सलग टॉर्क किती? तिच्या कमाल फेऱ्या किती? गिअरचे एकूण प्रमाण किती? आणि पूर्ण भरलेली गाडी कोणता चढ, किती वेळ चढेल?

या चार उत्तरांवरून वरचा हिशेब कोणालाही करता येईल. किलोवॉटचा आकडा जाहिरातीत मोठा दिसतो. पण चढावर चाकापर्यंत पोहोचतो तो टॉर्क, आणि तो किती पोहोचणार हे गिअर ठरवतो. हिशेबात एक गिअर बसत असेल, तर गिअरबॉक्स खुशाल काढावा. बसत नसेल, तर गाडीतला जुना गिअरबॉक्सच सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय ठरतो. मोटरची किंमत विचारण्यापूर्वी टायरचा घेर मोजावा, तो एवढ्यासाठी.